संघाचा पहिला मुक्काम: सूर्यास्तापासून उलटं मोजून आखलेलं एका रात्रीचं शिबिर

डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीत स्काऊटांचा मुक्काम पडलेला बघा. बहुतेक वेळा चित्र एकच असतं. तंबू अर्धवट उभा आहे, दोघं मोबाइलच्या उजेडात खुंट्या शोधताहेत, एकजण ओल्या फाट्यांवर फुंकर मारून डोळे चोळतोय, तांदूळ अजून पिशवीतच आहे आणि सगळ्यात धाकटा स्काऊट घामाने भिजलेल्या शर्टात कुडकुडत बसलाय. या मुलांना काही येत नाही असं मुळीच नाही. प्रथम आणि द्वितीय सोपानाच्या, म्हणजे स्काऊटच्या पहिल्या दोन परीक्षांच्या गाठी त्यांनी शाळेच्या मैदानावर बिनचूक मारून दाखवलेल्या असतात. चुकतो तो कामांचा क्रम, आणि तो चुकतो कारण घड्याळ सकाळपासून पुढे मोजलं जातं. ते सूर्यास्तापासून मागे मोजायला हवं.

हा लेख संघनायकासाठी, म्हणजे स्काऊटांच्या छोट्या तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या मुलासाठी आहे, म्हणून थेट त्याच्याशीच बोलतो. स्काऊट शिक्षकांनी आणि पालकांनी जरूर वाचावा, पण यातली कामं मुलांच्या हातून काढून घेऊ नयेत. गाईड मुलींच्या शिबिरालाही हाच क्रम. उदाहरणासाठी एक नेहमीचा मुक्काम धरू: आठ जणांचा संघ, सोबत दोन मोठी माणसं, थंडीतली एक रात्र, ठिकाण लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याच्या पोटातली उधेवाडी.

टप्पा १: वेळ सूर्यास्तापासून मागे मोज

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेचा सूर्यास्त बघ. डिसेंबरात लोणावळ्याकडे तो सहाच्या आसपास असतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं कामापुरता उजेड राहतो. डोंगराच्या आडोशाला असशील तर तेवढाही नाही.

मुक्कामाच्या जागेवर सूर्यास्ताच्या तीन तास आधी पोचायचं, म्हणजे तीन वाजता. आता मागे ये. लोणावळ्याहून उधेवाडीची वाट पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. लांब असली तरी बरीचशी सपाट. रिकाम्या हाताने चालणाऱ्या मोठ्या माणसासाठी ताशी पाच किलोमीटर आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जास्त, असा डोंगरातला जुना हिशोब आहे. पाठीवर सॅक असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तो लावू नकोस. त्यांच्यासाठी ताशी तीन किलोमीटर धर. म्हणजे चालायला पाच तास, जेवण आणि विश्रांतीला एक. सकाळी नऊला शेवटचा माणूससुद्धा चालायला लागलेला हवा. ‘नऊला स्टेशनवर जमू’ असं ठरवलंत तर निघायला दहा वाजतात. पुण्याहून लोकलने येणार असाल तर पहाटेची गाडी धरा.

कर्जतच्या बाजूने, कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून येणारी वाट अंतराने कमी आहे, पण खडी आहे. तंबू-पातेल्यांसह पहिल्याच शिबिराला ती नको. आणि पोचलेल्या दिवशी श्रीवर्धन किंवा मनरंजन चढायचा मोहही नको. दोन्ही बालेकिल्ले दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या पाठीने. पहिल्या दिवशी ‘पटकन वर जाऊन येऊ’ म्हणणाऱ्या संघाचाच तंबू पुढे अंधारात लागतो.

*तपासणी:* साडेदहापर्यंत चालायला सुरुवात झाली नाही तर तंबूचा बेत सोडायचा आणि वाडीतल्या घरी उतरायचं, हे आधीच ठरव. उधेवाडीत राहण्या-जेवणाची सोय करणारी घरं आहेत. हा निर्णय वाटेत घ्यायची वेळ आली की तो हमखास चुकीचा होतो, कारण तेव्हा सगळ्यांना तंबूच हवा असतो.

टप्पा २: परवानग्या आणि कागद

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण छोटा आहे. शाळेमार्फत जात असाल तर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाची परवानगी. वनविभागाच्या हद्दीत राहणार असाल तर त्यांची. शेतात तंबू ठोकणार असाल तर शेत ज्याचं आहे त्या मालकाची, आणि तीही आधी फोन करून. प्रत्येक पालकाचं सहीचं संमतिपत्र हवं. त्यात रक्तगट, ॲलर्जी, दमा, फिट येणं, चालू औषधं आणि दोन फोन नंबर.

बऱ्याच गडांवर रात्री मुक्कामाला मनाई असते आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात चूल पेटवता येत नाही. म्हणून पहिला मुक्काम गडावर न करता पायथ्याच्या वाडीजवळ करावा. पाणी, माणसं आणि गाडीरस्ता हाताशी राहतो. काही मुलांना हे कमी साहसाचं वाटतं. वाटू दे.

निघण्याआधी शिक्षकांना दोन गोष्टी शोधून कागदावर लिहायला सांग: सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, आणि तिथे न्यायला रात्री गाडी कोण देईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाडीतल्याच माणसाकडे असतं. त्याचं नाव आणि नंबर कागदावर घे, कारण मोबाइलला नेटवर्क मिळेल असं धरून चालता येत नाही. एक प्रत शिक्षकांकडे, एक तुझ्याकडे, एक घरी थांबणाऱ्या पालकाकडे. त्या पालकाला परतीची वेळही सांगून ठेवायची: ‘रविवारी संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर चौकशी सुरू करा.’

टप्पा ३: सामान, आणि सॅक भरायचा क्रम

वजनाची मर्यादा आधी ठरव. भरलेली सॅक मुलाच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जड नको. चाळीस किलोच्या मुलाला आठ किलो म्हणजे शेवट, आणि त्यात पाणी धरलेलं आहे. सॅक घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघायची, अंदाजाने नाही.

प्रत्येकाचं सामान: अंगावरचे सोडून कपड्यांचा एक कोरडा जोड, स्वेटर, कानटोपी, मोज्यांचे दोन जोड, कॅरी मॅट, स्लीपिंग बॅग किंवा जाड चादर आणि ब्लँकेट, टॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, ताट-वाटी-पेला-चमचा, दोन लिटर पाणी, टोपी, दात घासायचं, साबणाचा तुकडा, जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्र रात्री चादरीखाली घालायला, ओल्या बुटात कोंबायला आणि चूल पेटवायला लागतं. पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरू शकतो, त्यामुळे कॅरी मॅटला ‘असली तर बरी’ म्हणू नकोस. अंगातली ऊब वरच्या हवेपेक्षा खालची जमीन जास्त वेगाने खेचते. दोन चादरी असतील तर एक अंगाखाली घे.

संघाचं सामान: तंबू, तंबूखाली घालायची ताडपत्री, दोऱ्या, सुतळी, खुरपं, गॅसची शेगडी आणि डबा, दहा लिटरचं पातेलं आणि झाकण, डाव, सुरी, दोन मोठे पाण्याचे कॅन, प्रथमोपचार पेटी, कचऱ्याच्या पिशव्या. हे सगळं एकाच्या पाठीवर टाकू नका. तंबूचं कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे, खुंट्या तिसऱ्याकडे. कोणाकडे काय दिलं ते लिहून ठेव. नाहीतर मुक्कामावर ‘खुंट्या कोणाकडे?’ यात दहा मिनिटं जातात.

आता भरायचा क्रम. घरी मुलं सॅक भरतात ती घरातून निघायच्या क्रमाने: तंबू मोठा म्हणून तळाशी, वर खाऊ. मुक्कामावर पहिल्यांदा लागतो तंबू, मग तो काढायला सगळं सामान गवतात ओतावं लागतं. क्रम उलटा ठेव. तळाशी रात्रीचं पांघरूण. मध्ये, पाठीला चिकटून, जड वस्तू: शिधा, पातेल्यातलं सामान. त्यांच्या पुढे हलके कपडे. सगळ्यात वर तंबूचा भाग आणि ताडपत्री. टॉर्च, शिट्टी, पाणी आणि प्रथमोपचार पेटी बाहेरच्या कप्प्यात. कोरड्या कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून.

*सावध:* सॅकला बाहेरून लटकणारे पेले, चपला आणि बाटल्या झुडपात अडकतात आणि तोल घालवतात. जे आत मावत नाही ते एकतर दुसऱ्याच्या सॅकमध्ये किंवा घरी.

टप्पा ४: आठवडाभर आधी तालीम

शाळेच्या मैदानावर तंबू दोनदा लावायचा. पहिल्यांदा शिक्षकांसमोर, दुसऱ्यांदा संध्याकाळी उजेड जाताना, शिक्षक गप्प. खुंट्या मोजा, काठ्या मोजा, फाटलेली शिवण बघा, चेन उघडून लावून बघा. तंबू परत घडी करून पिशवीत बसतो का हेही. ते काम लावण्यापेक्षा अवघड आहे.

शेगडी घरी एकदा पेटवून बघा आणि एकदा खिचडी करा, तीही नेणार त्याच पातेल्यात.

नवे बूट घेतले असतील तर किमान दोन आठवडे शाळेत घालून फिरायचे. शिबिरासाठी आदल्या दिवशी बूट घेणारे पालक अजून बरेच आहेत. त्यांना संघनायकाने सांगून उपयोग होत नाही, हे काम शिक्षकांचं.

गाठी चारच पक्क्या कर. दोन दोर जोडायला रीफ नॉट, जाडी वेगळी असेल तर शीट बेंड, खांबाला किंवा झाडाला बांधायला क्लोव्ह हिच आणि न सरकणाऱ्या फाशासाठी बोलाइन. तंबूच्या ताणदोऱ्यांना सरकवता येणारी गाठ लागते. तुझ्या तंबूला प्लास्टिकचा सरक्या असेल तर तिचीही गरज नाही. डोळे मिटून येतात त्याच गाठी मुक्कामावर येतात.

टप्पा ५: वाट

पुढे एक मोठा माणूस, त्याच्यामागे सगळ्यात हळू चालणारा स्काऊट, सगळ्यात मागे दुसरा मोठा माणूस. हळू चालणाऱ्याला मागे टाकलं की तो विश्रांतीच्या जागी पोचतो तेव्हा बाकीचे उठलेले असतात, म्हणजे त्याला विश्रांतीच मिळत नाही. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा. प्रत्येक थांब्यावर मोजणी आणि चार-चार घोट पाणी, तहान असो वा नसो.

बूट टोचतोय असं कोणी म्हणालं तर पुढच्या थांब्याची वाट न बघता तिथेच थांब. लाल झालेल्या जागी चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही. फोड आल्यावर लावली तर फार उपयोग नाही.

कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज बंद, दगड नाही, धूर नाही, आणि अत्तर किंवा बॉडी स्प्रे मारलेला स्काऊट त्या बाजूने पुढे पाठवायचा नाही. खरं तर स्प्रे घरीच ठेवायचा. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून लांब पळायचं. जागेवर हात झटकत उभं राहायचं नाही.

टप्पा ६: जागा निवडणं

पोचलात. आता पंधरा मिनिटं कोणीही सॅक उघडायची नाही. पाणी प्या, दोन शेंगदाण्याचे लाडू खा आणि तू, उपसंघनायक आणि एक मोठा माणूस जागा बघायला जा. ज्यांना विचारून आलात त्यांना सोबत घ्या. दरवर्षी तिथे काय होतं हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

काय टाळायचं ते सांगतो. ओढ्याचं कोरडं पात्र: सपाट आणि मऊ असतं म्हणून सगळ्यांना आवडतं, पण वर कुठे पाऊस झाला तर पाणी तिथूनच येतं. डिसेंबरातही अवकाळी येतो. दरडीचा पायथा, जिथे ताजे फुटलेले दगड पडलेले दिसतात. वाळलेल्या मोठ्या फांद्या असलेलं झाड. एकटं उंच झाड किंवा उघडा माथा, विजेच्या दृष्टीने. वारूळ, बिळं, दगडांचा ढीग, पडकी भिंत: तिथे सापाला उंदीर आणि विंचवाला आडोसा मिळतो. गुरांची रोजची वाट. आणि तलावाचा काठ. तिथे डास, दव आणि थंडी तिन्ही जास्त, शिवाय ते वाडीचं पाणी आहे. किमान साठ-सत्तर पावलं लांब राहा.

हवं काय? किंचित उताराची, पाणी निचरून जाईल अशी उघडी जमीन, वाऱ्याच्या बाजूला झुडपांचा किंवा बांधाचा आडोसा, आणि सकाळचं ऊन लवकर येईल अशी दिशा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. सकाळी तंबूवरचं दव वाळायला ऊनच लागतं.

जागा पक्की केली की तिथे स्वतः आडवा हो. पाठीला जे टोचतं ते रात्रभर टोचणार आहे. दगड-काटक्या हाताने न उचलता आधी काठीने किंवा बुटाने सरकव, मग उचल. पुरातन भिंतीचे दगड मात्र कशासाठीच हलवायचे नाहीत.

*तपासणी:* तंबू, चूल, शौचाची जागा यांचं ठिकाण काठीने जमिनीवर आखून झालं का? वारा तंबूकडून चुलीकडे वाहतोय का? उलटं असेल तर ठिणग्या तंबूवर येतील. चूल-तंबूत किमान दहा पावलं अंतर.

टप्पा ७: तंबू, सगळ्यात आधी

तीन वाजता पोचलेल्या संघाचं वेळापत्रक असं: सव्वातीन ते सव्वाचार तंबू, सव्वाचार ते पावणेपाच पाणी आणि शौचाची खाच, पावणेपाच ते सव्वापाच चुलीची तयारी आणि कपडे बदलणं, सव्वापाचला पातेलं चढलं पाहिजे, साडेसहाच्या आत जेवणं. तंबू होईपर्यंत चेंडू, झाडावर चढणं, फोटो, सगळं बंद. पाऊस आला, कोणी आजारी पडलं, काहीही झालं तरी उभा तंबू असला की पुढचं निभतं.

१. ताडपत्री अंथर. तिच्या कडा तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत राहिल्या पाहिजेत. बाहेर आलेली कड दव आणि पाऊस गोळा करून नेमकी तुमच्या पाठीखाली आणते. ही चूक तर सर्रास दिसते.

२. तंबू ताडपत्रीवर पसर, दार वाऱ्याकडे पाठ करून. चेन बंद कर, मगच खुंट्या. उघड्या चेनने ताण दिला की दार नंतर लागत नाही.

३. चार कोपऱ्यांच्या खुंट्या आधी, समोरासमोरच्या कर्णावर एक-एक. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, टोक तंबूकडे, साधारण ४५ अंशांत. उभी ठोकलेली खुंटी दोरीच्या ताणाने उपटते. जमीन कातळाची असेल तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळ.

४. काठ्या घाल. काठी ओढायची नाही, ढकलायची. ओढली की सांधा सुटून आत अडकते.

५. वरचं कव्हर. आतल्या कापडाला ते कुठेच चिकटलेलं नको, दोन्हींत वितभर मोकळी जागा हवी. हवा जायची खिडकी उघडी ठेव. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की श्वासातली वाफ आतून टपकते आणि सकाळी मुलं म्हणतात तंबू गळतो.

६. ताणदोऱ्या बांध आणि प्रत्येकीला पांढऱ्या कापडाची चिंधी लाव. रात्री शौचाला उठलेला पहिला माणूस हमखास त्या दोरीत अडकतो.

*सावध:* तंबूच्या आत शेगडी, मेणबत्ती, कोळशाची पाटी, काहीही पेटवायचं नाही. आगीचा धोका दिसतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

टप्पा ८: पाणी, कपडे, चूल

दहा माणसांना संध्याकाळपासून सकाळपर्यंत पिणं आणि स्वयंपाक धरून चाळीस लिटर पाणी लागतं. उजेड असतानाच भरून आणायचं. पाणी कुठून घ्यायचं ते वाडीत विचार. पिण्याचं पाणी फडक्याने गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळलेलं हवं. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर पाकिटावरचं प्रमाण आणि अर्धा तास वाट. गोळी टाकून लगेच पिणं म्हणजे न टाकल्यासारखंच.

वाडीत शौचालय वापरायला मिळत असेल तर तेच. नसेल तर पाण्यापासून साठ मीटर लांब, उताराच्या खालच्या बाजूला वीतभर खोल खाच, शेजारी मातीचा ढीग आणि खुरपं. प्रत्येकाने आपापलं झाकायचं. हात धुवायला साबण आणि पाण्याचा डबा येण्याच्या वाटेवरच ठेव, तंबूत ठेवलास तर कोणी धुणार नाही.

सव्वापाच वाजण्याआधी सगळ्यांना घामाचे कपडे बदलायला लाव. बनियनसुद्धा. ऊन असताना ओला शर्ट जाणवत नाही, सूर्य गेल्यावर तोच अंग गार करतो. काढलेले कपडे ऊन असेपर्यंत दोरीवर, अंधार पडण्याआधी आत.

आता चूल. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, म्हणून शेगडी. मालकाच्या शेतात, त्याच्या परवानगीने लाकडाची चूल करायची असेल तर चारी बाजूंनी तीन-तीन पावलं गवत खुरपून काढ, दोन बादल्या पाणी शेजारी ठेव, आणि ओढ्यातले दगड चुलीला लावू नकोस. आत ओल धरलेला दगड तापला की फुटतो. लाकूड पडलेलं आणि कडकन मोडणारं. वाकतं ते ओलं. चुलीवर चढवण्याआधी पातेल्याला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा पातळ लेप दे, काजळी नंतर हाताने निघते. फेब्रुवारीपासून पुढे गवत पूर्ण वाळतं आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. तेव्हा परवानगी असली तरी उघडी आग नकोच.

दहा जणांची खिचडी: एक किलो तांदूळ, ४०० ग्रॅम मूगडाळ, चार ते साडेचार लिटर पाणी, तेल, मोहरी, हळद, मीठ, मूठभर शेंगदाणे, कांदे-बटाटे. डाळ-तांदूळ पोचल्यावरच भिजत घातलेस तर गॅस वाचतो. उकळी आल्यावर दहा मिनिटं शिजव, मग पातेलं उतरवून घट्ट झाकण लाव आणि गोणपाट आणि जुन्या ब्लँकेटात गुंडाळून अर्धा तास ठेव. खिचडी शिजते, करपत नाही, आणि तोवर शेगडीवर पिण्याचं पाणी उकळतं. वाढताना आधी बघ: दाणा बोटांत दाबला तर मऊ लागला पाहिजे. कच्ची असेल तर परत पाच मिनिटं आच.

पहिल्या रात्री मेन्यू एवढाच. बिनभांड्यांचा स्वयंपाक, निखाऱ्यातली वांगी, पानगे, रायगडाकडची पोपटी, वऱ्हाडातले रोडगे हे सगळं करावंच, पण दुसऱ्या शिबिराला किंवा दुपारच्या जेवणाला. दमलेल्या मुलांना रात्री नऊला अर्धे कच्चे बटाटे देणारा पराक्रम कोणालाच आठवावासा वाटत नाही.

टप्पा ९: अंधार पडल्यावर

भांडी जेवल्याबरोबर. खरकटं तंबूजवळ राहिलं की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. उरलेला शिधा डब्यात, डबा बंद.

रात्रीचे नियम चारच ठेव, म्हणजे पाळले जातात. टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकट्याने कुठे जायचं नाही. चेन कायम बंद. बूट तंबूच्या आत, आणि सकाळी झटकूनच घालायचे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना सापडतात त्या बहुतेक तिच्याच. म्हणून उघड्यावर चांदण्याखाली झोपायचा हट्ट पहिल्या शिबिराला नको.

शिट्टीचे संकेत जेवणानंतर सगळ्यांकडून म्हणवून घे: मिनिटभरात सहा शिट्ट्या म्हणजे मदत हवी, उत्तराला तीन. गंमत म्हणून शिट्टी वाजवणाऱ्याची शिट्टी सकाळपर्यंत तुझ्याकडे.

झोपण्याआधी चूल विझव. पाणी ओत, काठीने ढवळ, परत पाणी ओत, मग हाताचा मागचा भाग राखेजवळ धर. ऊब लागली तर विझलेली नाही.

*तपासणी:* मोजणी. ताणदोऱ्या एकदा ओढून बघ, दवाने सैल पडतात. दोन्ही मोठी माणसं कुठल्या तंबूत आहेत हे सगळ्यात धाकट्या स्काऊटला माहीत आहे का?

टप्पा १०: काही झालंच तर

भाजलं: जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल काही नाही. फोड फोडायचा नाही.

सापाचा दंश: मुलाला आडवं कर, हलू देऊ नकोस, अंगठी-कडं-घड्याळ काढ, हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून स्थिर ठेव, वेळ लिहून ठेव. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, मांत्रिक नाही. चालवायचं नाही, उचलून न्यायचं. वाडीतली गाडी आणि १०८. साप शोधत बसू नका. मण्यारीचा दंश बहुतेकदा दुखतही नाही आणि दिसतही नाही. पहाटे कोणाच्या पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली तर ‘खिचडी बाधली असेल’ म्हणून थांबू नका. सरळ रुग्णालय.

विंचू: काळ्या विंचवाने आग होते, तांबड्याचा दंश मुलांना जिवावर बेतू शकतो. घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर एक मिनिट घालवायचं नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिनचा वापर रूढ केला, त्यामुळे उपचार आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. औषध डॉक्टरच देतील, तू देऊ नकोस.

जुलाब-उलट्या: ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट-घोट द्यायचं.

टप्पा ११: आवरणं

सकाळी पोहे-चहा झाला की बालेकिल्ल्याला निघण्याआधी तंबू पाडायचा नाही, पण पांघरुणं बाहेर उन्हात टाकायची आणि एका मोठ्या माणसाला मुक्कामावर ठेवायचं. साडेनऊपर्यंत खाली परत. पाडताना क्रम उलटा: ताणदोऱ्या, वरचं कव्हर, काठ्या, खुंट्या. खुंट्या दोरी ओढून काढल्या की दोरी तुटते. दुसऱ्या खुंटीचा आकडा अडकवून उपट. काढल्याबरोबर मोज. एकाने फक्त खुंट्यांचं काम करावं.

शौचाची खाच बुजव, वर दगड ठेव. चुलीची गार राख विखुरून टाक आणि दगड जिथून आणले तिथे ठेव. मग आठही जण खांद्याला खांदा लावून रांगेत मुक्कामाची जागा चालून जा, नजर जमिनीवर. बिस्किटाच्या पुड्याचा फाटलेला कोपरा, रबरबँड, सुतळीचे तुकडे असेच सापडतात. कचरा वाडीत टाकायचा नाही, सोबत लोणावळ्यापर्यंत.

निघताना उरलेला न फोडलेला शिधा आणि मालकाचे ठरलेले पैसे हातात देऊन निघ. दहाला चाल सुरू झाली तर चार-साडेचारला स्टेशन.

घरी पोचल्यावर सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम राहतं. तंबू त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या सकाळी गच्चीत किंवा गॅलरीत उघडून पूर्ण वाळव. वरून कोरडा वाटला तरी शिवणींत ओल असते. तसाच घडी करून शाळेच्या कपाटात गेला तर पुढच्या महिन्यात बुरशीचा वास आणि काळे डाग, आणि आतला जलरोधक थर सुटायला लागतो. पातेल्याचं बूड घास, शेगडीचा डबा काढून वेगळा ठेव, टॉर्चमधले सेल काढ. प्रथमोपचार पेटीतून जे वापरलं ते लिही आणि सोमवारी शिक्षकांना ती यादी दे, वाकलेल्या खुंट्या आणि तुटलेल्या दोऱ्यांच्या आकड्यासह.